पहिली सहा वर्षं घ्या, बाकीचे हप्ते भरा

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघानं हुआन सोटो नावाच्या २६ वर्षांच्या खेळाडूशी करार केला. मुदत १५ वर्षं, रक्कम ७६.५ कोटी डॉलर. त्या वेळच्या दरानं साधारण साडेसहा हजार कोटी रुपये. त्याच्या दोनच आठवडे आधी जेद्दाच्या लिलावात लखनऊनं ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतलं होतं आणि आपल्याकडे "एवढे पैसे कशाला?" या विषयावर चहाचे किती कप रिकामे झाले होते! पुढच्या मोसमात पंतनं २६९ धावा केल्या, मग तर विचारायलाच नको.

पण पंतचा आणि सोटोचा हिशेब एका पारड्यात टाकता येत नाही. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाकडे ठरावीक थैली असते. त्या लिलावात ती १२० कोटींची होती. एकावर २७ कोटी उडवले की बाकीच्यांसाठी तेवढे कमी. शिवाय मोठा लिलाव तीनेक वर्षांनी परत येतोच, घेतलेलं ओझं उतरवायची सोय असते. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी थैली नाही आणि अशी सोयही नाही. करारात लिहिलेला पैसा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. फॉर्म गेला, गुडघा गेला, खेळाडू घरी बसला, तरी चेक जातोच. सोटोचा करार २०३९ मध्ये संपेल, तेव्हा तो ४० वर्षांचा असेल.

मग हे परवडतं का? माझं मत आधीच सांगतो: बहुतेक लोक हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारतात. ते आकडा बघतात. बघायचं असतं वय.

बैलबाजारात मुरलेला शेतकरी आधी किंमत विचारत नाही. तो बैलाचा जबडा उघडतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती, की जुळला? म्हणजे पुढं किती वर्षं औताला चालेल, ते आधी बघतो आणि मग भावाला हात घालतो. बेसबॉलचे मालक कैक वर्षं जबडा न उघडताच बोली लावत होते.

त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अल्बर्ट पुहोल्स. २००१ ते २०११ अशी ११ वर्षं हा माणूस सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळला. ४४५ होमरन (होमरन म्हणजे आपल्याकडचा षटकारच समजा), तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अजिंक्यपदं. बॅटिंग सरासरी .३२८, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३२८ वेळा चेंडू मारून सुखरूप बेसवर, धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर. बेसबॉलमध्ये .३०० वाला फलंदाज चांगला समजतात. या ११ वर्षांसाठी कार्डिनल्सनी त्याला सगळे मिळून साधारण १० कोटी डॉलर दिले. डिसेंबर २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या एंजल्सनी त्याला १० वर्षांसाठी २४ कोटी देऊ केले, तेव्हा तो ३२ व्या वाढदिवसापासून महिनाभर लांब होता. पुढं काय झालं? सरासरी .२५६ वर आली. त्याच्या काळात एंजल्स प्लेऑफला एकदाच पोचले, २०१४ मध्ये, आणि तिथं कॅन्सस सिटीकडून ०-३ असे हरून परत आले. मे २०२१ मध्ये, कराराचे पाच महिने बाकी असताना, त्यांनी त्याला मोकळं केलं.

आणि आता गंमत. २०२२ मध्ये पुहोल्स शेवटच्या मोसमासाठी पुन्हा सेंट लुईसला आला, २५ लाख डॉलरवर. त्या वर्षी त्यानं २४ होमरन मारले. कारकिर्दीतला ७०० वा २३ सप्टेंबरला, तोही लॉस एंजेलिसमध्येच, डॉजर्सच्या मैदानावर. थोडक्यात, कार्डिनल्सनी उसाचा रस प्यायला, चिपाडाचे पैसे एंजल्सनी भरले आणि जाता जाता चिपाडातून एक घोट निघाला तोही कार्डिनल्सच्याच वाट्याला आला.

आता हे मोजायचं कसं, ते बघू. बेसबॉलवाल्यांनी 'वॉर' नावाचं एक माप काढलं आहे. युद्धाशी त्याचा काही संबंध नाही, ती 'विन्स अबव्ह रिप्लेसमेंट'ची इंग्रजी आद्याक्षरं आहेत. कल्पना अशी: तुमचा मोठा खेळाडू उद्या नाहीसा झाला आणि त्याच्या जागी खालच्या लीगमधला, किमान पगारावर सहज मिळणारा एखादा पोरगा उभा केला, तर १६२ सामन्यांच्या मोसमात तुमचे किती विजय कमी होतील? जितके कमी होतील, तितका त्या खेळाडूचा वॉर. नेहमीच्या चांगल्या खेळाडूचा दोन-तीन, स्टारचा पाच-सहा, आणि आठच्या पुढं गेला की सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी त्याचं नाव घ्यायला लागतात. खुल्या बाजारात असा एक विजय विकत घ्यायला संघांना साधारण ८०-९० लाख डॉलर पडतात, असा विश्लेषकांचा अंदाज आहे. आपण ८५ लाख धरू.

दुसरा आडाखा: तिशीनंतर खेळाडू दर वर्षी सरासरी अर्धा विजय गमावतो. डोळ्यांची चपळाई, मनगटाचा वेग, पळण्याचा दम, सगळंच थोडं थोडं. ताशी दीडशे किलोमीटरच्या चेंडूसमोर थोडं म्हणजे पुष्कळ झालं.

आता कागद-पेन घ्या. तीस वर्षांचा, सहा विजय देणारा खेळाडू १० वर्षांसाठी घेतला. पहिल्या वर्षी ६, मग ५.५, ५, ४.५... असं करत दहाव्या वर्षी १.५. बेरीज ३७.५. त्यातले २५ विजय पहिल्या पाच वर्षांत आणि जेमतेम साडेबारा नंतरच्या पाच वर्षांत. पगार मात्र बहुधा दोन्हीकडे सारखाच. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत मालक फायद्यात, नंतरच्या पाचांत तोट्यात, आणि पेपरात बातम्या येतात त्या तोट्याच्या वर्षांत. "चाळिशीतला म्हातारा तीन कोटी घेतोय!" अहो, तो आत्ताचे तीन कोटी घेतच नाहीये. पाच वर्षांपूर्वी दिलेल्या मालाचा हप्ता घेतोय. गाडी जुनी झाली म्हणून कोणी कर्ज फेडायचं थांबवतं का?

मालकांना हे कळत नाही असंही नाही. मुदत लांबवण्यात त्यांचाही स्वार्थ आहे. बेसबॉलमध्ये पगाराला कमाल मर्यादा नसली तरी एक लक्झरी टॅक्स आहे. संघाचा एकूण पगार ठरावीक रेषेच्या वर गेला (२०२५ साठी ती २४.१ कोटी डॉलर होती) की वरच्या रकमेवर कर बसतो, आणि सलग तीन वर्षं रेषा ओलांडली की दर ५० टक्क्यांवर जातो. फारच वर गेलं तर ११० टक्क्यांपर्यंत. म्हणजे खेळाडूला एक डॉलर आणि लीगला एक डॉलर दहा सेंट. हा कर मोजताना त्या वर्षी प्रत्यक्ष किती दिले ते बघत नाहीत. एकूण रक्कम भागिले वर्षं, असा सरासरी आकडा धरतात. इथंच सगळी मेख आहे. २०१९ मध्ये फिलाडेल्फियानं ब्राइस हार्परला ३३ कोटी दिले, १३ वर्षांसाठी. करासाठी वर्षाला २.५४ कोटी. तेच ३३ कोटी १० वर्षांत दिले असते तर वर्षाला ३.३ कोटी धरले गेले असते. हार्पर ३८ व्या वर्षी चेंडू मारील म्हणून ती शेवटची तीन वर्षं तिथं नाहीतच. ती आहेत भागाकाराचा छेद मोठा करायला. शाळेत अपूर्णांक नकोसे वाटणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

या खेळातला सगळ्यात हुशार कागद मात्र बॅटिंग आणि गोलंदाजी दोन्ही करणाऱ्या शोहेई ओतानीचा. डिसेंबर २०२३, डॉजर्स, १० वर्षं, ७० कोटी डॉलर. मथळ्यात ७० आले, पण तो दर वर्षी घेतो २० लाख. उरलेले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळणार, वर्षाला ६.८ कोटी, बिनव्याजी. दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत शंभर नसते, हे मुदत ठेवीची पावती हाताळलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आज बँकेत किती ठेवले तर दहा वर्षांनी शंभर होतील, ती खरी किंमत. त्या हिशेबानं लीगनं ओतानीचा करार वर्षाला सुमारे ४.६ कोटींचा धरला, ७ कोटींचा नाही. मोकळ्या झालेल्या जागेत डॉजर्सनी आणखी खेळाडू भरले आणि २०२४ व २०२५ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. ओतानीनंही कमी केलं नाही. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळं २०२४ मध्ये त्याला गोलंदाजी करता येत नव्हती. म्हणून त्यानं फक्त बॅटिंग करून ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले, म्हणजे गोलंदाजाचा डोळा चुकवून पुढचा थांबा गाठला. एका मोसमात दोन्हीकडे पन्नाशी गाठणारा तो पहिलाच.

पैसे पुढं ढकलण्याची हीच युक्ती उलटी कशी फिरते, तेही बघून ठेवा. सन २००० मध्ये मेट्सना बॉबी बोनिया नावाच्या खेळाडूला ५९ लाख डॉलर देऊन मोकळं करायचं होतं. त्यांनी ते पैसे तेव्हा न देता आठ टक्के व्याजानं पुढं ढकलले. त्यामुळं २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला बोनियाच्या खात्यात ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर आणि २० सेंट जमा होतात. एकूण जवळपास तीन कोटी. अमेरिकेतले बेसबॉलवेडे १ जुलैला 'बोनिया दिवस' म्हणून हसून घेतात. फरक फक्त व्याजाचा: ओतानीनं शून्य टक्के घेतले, बोनियानं आठ.

इथवर मी मालकाच्या गल्ल्यावर बसून बोलत होतो. आता पलीकडं जाऊन बसू, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथं आहे.

खेळाडू मेजर लीगमध्ये आला की पहिली सहा वर्षं तो त्या संघाचा बांधील असतो. पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन वर्षं लवादाकडं भांडून थोडा जास्त. सहा वर्षं भरली की मगच तो फ्री एजंट, म्हणजे मोकळा. १९७५ च्या अखेरीस पीटर साइट्झ या लवादानं निकाल देईपर्यंत तर तेवढीही सुटका नव्हती. संघाच्या मर्जीनं खेळाडू जन्मभर बांधलेला असायचा. घरगड्यासारखा.

आता ॲरन जज घ्या. न्यूयॉर्क यँकीजचा हा सहा फूट सात इंची माणूस २०१७ मध्ये ५२ होमरन मारून लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्या वर्षीचा त्याचा पगार? ५ लाख ४४ हजार ५०० डॉलर. होमरनमागं साधारण साडेदहा हजार. खुल्या बाजारात अशा मोसमाची किंमत सहज पाच-सहा कोटी झाली असती. २०२२ मध्ये ६२ होमरन मारून तो मोकळा झाला तेव्हा तिशीत पोचला होता. तेव्हा कुठं त्याला ९ वर्षांचे ३६ कोटी मिळाले. मग सांगा, हे ३६ कोटी येणाऱ्या नऊ वर्षांचे की गेलेल्या सहा वर्षांची थकबाकी? खेळाडूचं अंग सळसळतं असतं २३ ते २९ या वयात, आणि नेमकी तीच वर्षं संघ कवडीमोलानं घेतो. पुढचे फुगलेले आकडे म्हणजे त्या तुंबलेल्या पाण्याला मिळालेली वाट. जजनं तर आडाख्यांनाही चकवलं. ३२ आणि ३३ व्या वर्षी, २०२४ आणि २०२५ मध्ये, तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू. सरासरी ही सरासरीच असते.

अर्थात, काही करार कोणत्याही बाजूनं बघितले तरी बुडीतच निघतात. ख्रिस डेव्हिस २०१५ मध्ये ४७ होमरन मारून सगळ्यांत पुढं होता. जानेवारी २०१६ मध्ये बाल्टिमोरनं त्याला सात वर्षांचे १६.१ कोटी लिहून दिले. २०१८ मध्ये त्याची सरासरी होती .१६८. त्या मोसमाच्या शेवटी सुरू झालेला दुष्काळ २०१९ मध्येही संपेना. सलग ५४ वेळा तो बॅट घेऊन उभा राहिला आणि एकदाही हिट नाही. गोलंदाज सोडले तर लीगच्या इतिहासातला हा नकोसा विक्रम. १३ एप्रिल २०१९, बॉस्टन. पहिलाच डाव, तिन्ही बेस भरलेले. डेव्हिसनं एक साधा फटका उजवीकडं टोलवला आणि दोन धावा आल्या. बाकावरचे सगळे सहकारी वर्ल्ड सिरीज जिंकल्यासारखे ओरडायला लागले. पहिल्या बेसवर उभ्या डेव्हिसनं हसत खूण केली: तो चेंडू इकडं द्या, ठेवायचाय. वर्षाला दोन कोटींवर डॉलर घेणारा माणूस एका साध्या फटक्याचा चेंडू आठवण म्हणून मागतोय, हे बघून मला त्याची चीड नाही आली, वाईटच वाटलं. त्याच्या करारातले ४.२ कोटी पुढं ढकललेले आहेत, ते २०३७ पर्यंत फिटतील.

पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, बाबतीत तर हा निव्वळ मटका आहे. वॉशिंग्टन नॅशनल्स या एकाच संघाचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवा. २०१५ मध्ये मॅक्स शर्झर, वय ३०, सात वर्षं, २१ कोटी: दोनदा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, २०१९ ची वर्ल्ड सिरीज, मालक खूश. त्याच वर्ल्ड सिरीजचा मानकरी स्टीफन स्ट्रासबर्ग, वय ३१, तोही सात वर्षं, २४.५ कोटी: त्यानंतर एकूण आठ सामने, एक विजय. मान आणि खांद्याजवळच्या नसा दाबल्या जायच्या, हात बधिर व्हायचा. २०२४ मध्ये निवृत्ती. संघ तोच, वय जवळपास तेच, मुदत तीच. एकाचा खांदा टिकला, दुसऱ्याचा नाही. याचं गणित कोणाला जमलं असेल तर मला कळवा.

आणि खेळाडू चांगला निघाला, तरी संघ जिंकेलच असं नाही. डिसेंबर २००० मध्ये टेक्सास रेंजर्सनी २५ वर्षांच्या ॲलेक्स रॉड्रिगेझला १० वर्षांचे २५.२ कोटी दिले. संघाचे मालक टॉम हिक्स यांनी दोन वर्षांपूर्वी अख्खा संघ २५ कोटींना घेतला होता! रॉड्रिगेझनं आपलं काम चोख केलं: तीन मोसमांत ५२, ५७ आणि ४७ होमरन. रेंजर्स तिन्ही वर्षं चार संघांच्या गटात चौथे, कारण गोलंदाजीच्या नावानं बोंब होती. क्रिकेटमध्ये एकटा सलामीवीर दीडशे काढून सामना ओढून नेतो. बेसबॉलमध्ये सर्वोत्तम फलंदाजाची पाळीही सामन्यात चार-पाच वेळाच येते, मग त्याला रांगेत थांबावं लागतं. शेवटी २००४ मध्ये रेंजर्सनी त्याला यँकीजकडं पाठवलं आणि वर त्याच्या पगारातले ६.७ कोटी भरायचं कबूल केलं. लग्न मोडलं, पोटगी चालू. २०१० मध्ये रेंजर्स दिवाळखोरीत गेले तेव्हा विनातारण घेणेकऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं रॉड्रिगेझचं: २.४९ कोटी येणं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हेच कफल्लक रेंजर्स यँकीजना हरवून पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये गेले. त्या सामन्यातला शेवटचा बाद झालेला फलंदाज? रॉड्रिगेझ. बॅट खांद्यावर, तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिला.

आता परत सोटोकडं. त्याचा जबडा उघडला तर माल चोख आहे. २६ वर्षांचा फ्री एजंट दुर्मीळ, कारण तो १९ व्या वर्षीच मेजर लीगमध्ये आला होता. वर्षाला सहा विजय, तिशीपर्यंत तसेच, मग अर्ध्या-अर्ध्यानं उतार, असं धरलं तर १५ वर्षांचे साडेबासष्ट विजय होतात. आजच्या भावानं ५३ कोटी. विजयाचा भाव दर वर्षी पाच टक्के वाढतो असं मानलं, तर ७० कोटींच्या घरात. म्हणजे ७६.५ हा आकडा डोळे पांढरे करणारा असला तरी वेडेपणाचा नाही. जरा महाग, इतकंच. पहिल्या वर्षी, २०२५ मध्ये, त्यानं ४३ होमरन मारले, ३८ बेस चोरले. मेट्स मात्र मोसमाच्या शेवटच्या दिवशी हरून प्लेऑफच्या बाहेर राहिले. रॉड्रिगेझची आठवण आली.

या करारात एक बारीक कलम आहे आणि मला सगळ्यात जास्त उत्सुकता त्याचीच आहे. २०२९ चा मोसम संपला की सोटो करार मोडून पुन्हा बाजारात जाऊ शकतो. मेट्सना तो हवा असेल, तर उरलेल्या १० वर्षांसाठी दर वर्षी ४० लाख जास्त द्यायचे, म्हणजे वर्षाला ४.६ च्या जागी ५ कोटी. तेव्हा तो ३१ चा झालेला असेल, सगळी चांगली वर्षं वापरून झालेली असतील आणि समोर उतार असेल. माझ्या वरच्या हिशेबात त्या १० वर्षांची किंमत, भाववाढ धरूनही, ४१-४२ कोटी निघते. मेट्सना मोजावे लागतील ५०. कागदावर बघाल तर तेव्हा "जा बाबा, सुखी राहा" म्हणायला हवं. म्हणतील असं वाटत नाही.